चार नंबरच्या खोलीतला वास

माझी नोकरी काय होती ते सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच जरा लांब सरकतात. मी वास घ्यायची. जळगावात कांदा-लसूण वाळवून त्याची भुकटी परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात माझं नाक पगारावर होतं. माल ताजा की खवट, पोत्याला घासलेट लागलंय का, मिरची मागच्या सालची आहे का, हे आधी माझ्या नाकाला विचारलं जाई आणि मग यंत्राला. हुद्द्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. कामगार मात्र सरळ ‘नाकवाल्या बाई’ म्हणत.

या नोकरीचे नियम सासुरवासापेक्षा कडक. डोक्याला वासाचं तेल नाही, अंगाला पावडर नाही, गजरा नाही, न्याहारीला कच्चा कांदा नाही. लग्नात अत्तरदाणी फिरायला लागली की मी हात पदराखाली घ्यायची आणि वरमाईला राग यायचा. मला सर्दी झाली की माझ्यापेक्षा साहेबांचाच चेहरा जास्त उतरायचा. नातेवाइकांना तर फुकटची तपासणी मिळाली होती. लोक मुलगी बघायला बोलावतात, मला तूप बघायला बोलवायचे.

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याची अख्खी गाडी मी परत पाठवली. हळद चांगली होती, पण ती कधीतरी खताच्या पोत्यांशेजारी राहिलेली होती. म्हातारा टोपी काढून टेबलावर आपटत म्हणाला, “बाई, तुमच्या नाकावर काय सरकारी शिक्का शे का?” मी म्हटलं, “नाना, शिक्का नाही, पण पगार आहे.” पुढच्या हंगामापासून तो गडी आपला नमुना आधी पुडीत बांधून माझ्याकडे पाठवायला लागला.

नव्या मुली कामाला आल्या की मी त्यांना पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायची. एक, नाक थकतं. पाच-सहा नमुन्यांनंतर ते खोटं बोलायला लागतं, मग उठायचं, उघड्यावर जायचं. आणि दुसरी, घरचा वास घरच्याला येत नाही. प्रत्येक घराला वास असतो, तो पाहुण्याला उंबऱ्यातच कळतो आणि घरातल्याला जन्मभर कळत नाही. मुली हसायच्या. मीही हसायची. ही दुसरी गोष्ट खरी ठरावी म्हणून कधी देवाचा धावा करावा लागेल, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

निवृत्तीनंतर स्नेहल माझ्याकडे आली. ही आमच्याच गल्लीत वाढलेली, बाहेर शिकून आलेली चित्रकार. पण ती चित्रं काढत नाही, मांडणीशिल्प करते. म्हणजे चित्र भिंतीवर टांगायचं नाही, अख्खी खोलीच रचायची आणि बघणाऱ्यानं तिच्यात शिरायचं. ती म्हणाली, “मावशी, मला माणसं दाखवायचीत. चेहरा नाही, नाव नाही, फोटो नाही. फक्त त्यांच्या अंगाचा वास आणि त्यांच्या अंगाचे आकडे. तेवढ्यावर माणूस उभा राहतो का ते बघायचंय.” मला वाटलं पोरीचं डोकं फिरलंय. पण रिकामं नाक घेऊन घरी बसण्यापेक्षा बरं, म्हणून हो म्हटलं.

काम असं होतं. माणसानं एक सुती कापड दोन दिवस अंगाला लावून वापरायचं आणि न धुता आमच्याकडे द्यायचं. त्यावर मी बिनवासाची चरबी चोळून ठेवायची. चरबी वास ओढून घेते, शेजारच्या कांद्याचा वास लोणी ओढून घेतं ना, तशी. मग ती खरवडून स्पिरिटमध्ये घुसळायची, गाळायची आणि स्पिरिट हळूहळू उडू द्यायचं. खाली उरतात ते चार थेंब म्हणजे तो माणूस. आकड्यांसाठी स्नेहल त्या माणसाच्या मनगटाला महिनाभर एक पट्टा बांधायची. नाडी किती, चाल किती, झोप किती, सगळं त्यात उतरायचं.

मग प्रत्येकाची एक खोली. खोली कसली, प्लायवूडचा उभा खोका, पुढे जाड पडदा. आत त्या माणसाच्या नाडीनुसार एक छोटा दिवा लुकलुकायचा. ते थेंब पुन्हा स्पिरिटमध्ये मिसळून केलेला वासाचा फवारा, तो जितका चालला असेल तितका कमी-जास्त व्हायचा. मागच्या भिंतीवर त्याच्या रात्रींचे पट्टे होते, एका रात्रीचा एक. झोपेत असेल तिथे निळा, जागा असेल तिथे काळा. एक नंबरला रिक्षावाला, दोनला सोन्याच्या दुकानातला कारागीर, तीनला डाळ मिलमधली बाई. आणि चार नंबरला हेमा.

तिचं नाव हेमा नाही. ती नशिराबादला राहायची असं म्हणू या. तेही खरं नाही. तिच्या तेलात काय काय पडायचं तेसुद्धा मी इथे बदलून लिहिते आहे. वाचणाऱ्याला हा अतिरेक वाटेल. पुढचं वाचल्यावर बहुतेक वाटणार नाही.

हेमा माझे ब्लाउज शिवायची. हात साफ, बोलणं कमी. माहेर धुळ्याकडचं, एका खेड्यातलं. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. नवरा बौद्ध, पाइपच्या कारखान्यात नोकरीला, शांत, भला मुलगा. पण भाऊ पेटला. दोघं जिथे सापडतील तिथे संपवीन, असं तो गावात चारचौघांत बोलला होता. एकदा तो माणसं घेऊन नवऱ्याच्या आधीच्या कारखान्याच्या फाटकाशी येऊनही गेला होता. तेव्हापासून या दोघांनी खोली बदलली, नोकरी बदलली, फोन बदलले. हे सगळं तिनं मला कापड देताना सांगितलं, मान खाली घालून, काजाला दोरा घालत. तिला सहावा महिना होता.

“मग हे कशाला करतेस बाई?” मी म्हटलं.

“नाव नसणार ना? मग माझीपण एक खोली असू द्या की, मावशी. इथे मला कोणी ओळखतच नाही.”

माहेरून तिनं एकच गोष्ट आणली होती. आई करायची ते डोक्याचं तेल तिला करता यायचं. मोहाच्या बियांच्या तेलात काळी होईपर्यंत जाळलेली मेथी, नागरमोथा, आणि आणखी एक झाडपाला, जो मी मुळीच लिहिणार नाही. मडक्यात, मंद आचेवर. असलं तेल मी आयुष्यात दुसरीकडे कुठे हुंगलं नव्हतं. तिच्या कापडातून निघालेल्या चार थेंबांत आधी ते तेल यायचं आणि मग त्याच्यामागून ती.

आकड्यांचं सोवळं स्नेहलनं फार कडक पाळलं होतं. कोण कुठून कुठे चाललं, घर कुठे, सगळं पुसून टाकलं होतं. आम्हाला वाटायचं, माणूस सापडतो तो आकड्यांवरून. वास म्हणजेही नाव असतं, हे माझ्यासारख्या नाकावर जगलेल्या बाईच्या डोक्यात आलं नाही. जळगावात प्रदर्शन छान झालं. मग धुळ्याच्या एका कॉलेजनं बोलावलं. स्नेहलनं सगळ्यांना पुन्हा विचारलं. हेमा म्हणाली, “जाऊ द्या धुळ्याला. मी नाही तर नाही, माझा वास तरी माहेराकडे जाऊन येईल.”

धुळ्यात कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही खोल्या उभारल्या. मी दारात खुर्ची टाकून बसायची. येणाऱ्याला समजावून सांगायचं, मधूनमधून बाटल्या भरायच्या, एवढंच काम. त्या दुपारी दोन तरुण आत आले. एक त्याच कॉलेजातला, दुसरा त्याचा पाहुणा, उंच, अंगानं भरलेला, केस चापून बसवलेले. तो माझ्या खुर्चीजवळून गेला आणि माझी मान आपोआप त्याच्यामागे वळली.

त्याच्या डोक्याला चार नंबरचं तेल होतं.

मी स्वतःची समजूत घातली. म्हातारे, नाक थकलंय तुझं, सकाळपासून त्याच वासात बसली आहेस. उठून व्हरांड्यात गेले, उघड्यावर मोठा श्वास घेतला, परत आले. तोपर्यंत ते दोघं तीन नंबरमध्ये होते. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. जाळलेली मेथी, मोह, नागरमोथा. शंका घ्यायला जागाच नव्हती.

तो चार नंबरमध्ये शिरला. पडदा त्याच्यामागे बंद झाला. मी मनात एकच घोकत होते, घरचा वास घरच्याला येत नाही, घरचा वास घरच्याला येत नाही. आणि खरंच तो बाहेर आला तो कंटाळलेला. “आठे काहीच नही शे रे,” असं मित्राला म्हणाला आणि पुढे निघाला. माझ्या जिवात जीव आला.

मग मित्र आत गेला. आणि आतूनच ओरडला, “दिनू, ए दिनू! आठे तं तुन्हाच वास ई र्‍हायना!”

दिनू हसला. हसत परत आत गेला. मित्रानं त्याचं डोकं खाली वाकवलं असावं, आतून दोघांची झटापट ऐकू आली, हसणं ऐकू आलं. मग हसणं थांबलं. दिनूचा आवाज आला, एकदम खालच्या पट्टीतला. “हाई तेल फक्त मन्ही माय करस.”

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच होता. माझ्यासमोर उभा राहिला. “मावशी, ही कोण बाई आहे?”

“नावं आमच्याकडे नसतात, भाऊ. नंबर असतात.”

“कुठली आहे? जळगावची?”

“खरंच नसतं हो काही.”

तो आवाज चढवत नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटत होती. त्यानं हॉलभर नजर फिरवली, मग मित्राला म्हणाला, “तू आठेच बस. कोनले हात लावू देऊ नको. मी मायले लई येस.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “माझी आई सांगेल. तिचं तेल तिला बरोबर ओळखू येईल.” गाव जवळच होतं. मोटारसायकलचा आवाज फाटकाबाहेर गेला आणि मित्र चार नंबरच्या समोर खुर्ची ओढून बसला.

स्नेहल पांढरीफटक पडली होती. हॉलच्या कोपऱ्यात ती माझ्या कानाशी पुटपुटली, “मावशी, बंद करू या. लाइट गेली म्हणू, आणि सामान भरून निघू.” मी म्हटलं, “पोरी, आत्ता पळालो तर त्याला आईची गरजच उरणार नाही. आपणच सांगितल्यासारखं होईल.” पोलिसांकडे जावं तर कुणाचं नाव सांगायचं आणि कुणापासून? तिचं नाव एकदा कागदावर आलं की ते कुठवर जाईल याचा काय भरवसा?

पाणी आणायच्या निमित्तानं मी व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि हेमाला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. मला वाटलं ती रडेल, किंचाळेल. ती म्हणाली, “माय येतेय? खरंच येतेय?”

“अगं हो, पण तो...”

“तिचा गुडघा बघा बरं मावशी. लंगडते का बघा.” मग तिचं तिलाच भान आलं. आवाज बदलला. “माय सांगून टाकेल हो. तिला खोटं बोलताच येत नाही. लहानपणी आम्ही काही फोडलं तर वडिलांना आधी तीच सांगायची.” मागून नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, कपाट उघडल्याचा, भांडं पडल्याचा. ती घाईत म्हणाली, “आम्ही निघतो. पण त्याची माणसं आधी एसटी स्टँडवरच बघतात, मागच्या वेळी पळालो तेव्हाही तसंच झालं. मावशी, तुम्ही काहीतरी करा ना.”

काय करणार होते मी? बाटल्या भरायची वेळ झाली, असं त्या मित्राला सांगून मी चार नंबरमध्ये गेले. तो पडदा धरून बघत होता. माझ्या पदराखाली एक नंबरच्या रिक्षावाल्याची बाटली होती. फवाऱ्याच्या डब्यातून हेमाची बाटली काढली, ही घातली. एवढं जमलं. पण फवारा बदलला तरी खोलीतून ती जाईना. स्पिरिट उडून जातं, तेल चिकटून बसतं. इतके दिवस तो जाड पडदा आणि ते प्लायवूड तिला पीत बसले होते. मी पडद्याला नाक लावलं तर जणू हेमाच शेजारी उभी. माझ्या आयुष्यात मला स्वतःच्या नाकाचा इतका राग कधी आला नव्हता.

आणि त्या गडबडीत मागच्या भिंतीकडे, तिच्या रात्रींच्या पट्ट्यांकडे, माझं किंवा स्नेहलचं, कुणाचंच लक्ष गेलं नाही.

मोटारसायकल परत आली. दिनू पुढे, त्याच्यामागे आई. बारीक अंगाची, काळसर, नऊवारी नेसलेली, डोक्यावरून पदर. डाव्या पायावर किंचित झुकत चालत होती. दाराशी तिनं चपला काढल्या. चपला काढायला इथे कुणी सांगितलं नव्हतं, पण हॉल बघून तिला देवळासारखं वाटलं असेल.

“माय, आठे,” दिनूनं पडदा बाजूला केला. “सांग, हाई आपलं तेल शे का नही?”

ती आत गेली. पडदा त्यानं धरूनच ठेवला होता, त्यामुळे मला ती पाठमोरी दिसत होती. आम्ही नाकवाले लोक दुसऱ्याचा श्वास बघतो. अनोळखी वास असला की माणूस कुत्र्यासारखे छोटे छोटे श्वास घेतो, हुंगून बघतो. हिनं एकच श्वास घेतला, लांब. आणि तो सोडलाच नाही. तिचे खांदे वर गेले ते वरच राहिले. समोर तो छोटा दिवा लुकलुकत होता, भराभर, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

संपलं, असं मला वाटलं. स्नेहलनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

“माय?” दिनू म्हणाला.

तिनं हळूच श्वास सोडला. “नही,” ती म्हणाली.

“नीट पाय ना.”

“मी करेल तेल माले वळखू येवाव नही का? हाई बजारनं शे. मेथी कच्ची शे हाईमा.” तिनं मुलाकडे वळून बघितलंसुद्धा नाही. “आपली नही शे ती.”

दिनू तिथेच उभा. मित्र पुटपुटला, “पन वास तं...” आईच्या शब्दापुढे त्याचं नाक काय चालणार? दिनूच्या चेहऱ्यावर राग होता, आणि मला शपथेवर सांगता येणार नाही, पण थोडं सुटल्यासारखंही होतं. “चाल मंग,” असं म्हणून तो मित्राला घेऊन गाडी काढायला गेला.

ती मात्र लगेच निघाली नाही. भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बोट करून तिनं विचारलं, “हाई काय शे?”

मी सांगितलं. “एकेक पट्टा म्हणजे एकेक रात्र, अक्का. निळं आहे तिथे झोप. काळं आहे तिथे जाग.”

चार नंबरच्या पट्ट्यांत काळंच जास्त होतं. तिनं एका काळ्या जागेवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. उंबऱ्यावरची रांगोळी पुसू नये म्हणून जपावं तसं हलक्या हातानं. मग पदर सारखा करून दाराशी आली, चपला घालायला वाकली. दुखऱ्या पायाची चप्पल घालताना तिनं माझ्या खुर्चीचा आधार घेतला. मान वर न करता, अगदी हळू म्हणाली, “ती जी कोनी व्हई... तिन्ही तब्येत बरी शे ना?”

बाहेर मोटारसायकल सुरू झाली होती. दिनूची सावली पायरीवर पडलेली दिसत होती. माझ्या ओठावर सगळं आलं होतं. बरी आहे अक्का, आठवा महिना आहे, म्हणून झोप नाही. नवरा जीव लावतो. तुमचा गुडघा कसा आहे ते तिनं विचारलंय. दोन-तीनच वाक्यं बोलायची होती. पण ही खरंच विचारतेय की मुलानं विचारायला लावलंय, हे मला कळेना. माणसाच्या खरेपणाचा वास येत नाही. मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसानं जे करावं तेच केलं.

“आम्हाला काहीच ठाऊक नसतं हो अक्का,” मी म्हटलं. “कोण, कुठली, कशी आहे. काहीच नाही.”

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण आवाज कोरडा होता.

“हां,” ती म्हणाली. “कोनीबी इचारं तं असंच सांगजो, बहीन. मी परत ईसन इचारं, तरी.”